हायक्यू बघणाऱ्या मुलीच्या आईस

प्रश्न : माझी मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जेवणं झाली की हिचं मोबाइलवर जपानी कार्टून सुरू. बरं, त्यात मुलींची गोष्ट असावी, तर तीही नाही. शाळेतली पोरं व्हॉलीबॉल खेळतायत! आमच्या सात पिढ्यांत कुणी व्हॉलीबॉल खेळलेलं नाही. 'मुलींसाठीचं काही असेल तर ते बघ' म्हटलं, तर हसली. धाकटा म्हणतो, 'आई, ते मुलांसाठीच असतं. ताई त्यातल्या पोरांसाठी बघते.' या मुली त्यात नेमकं काय बघतात? – एक आई, सातारा

उत्तर : धाकट्याचं म्हणणं थोडं खरं आहे, ते आधी मान्य करून टाकू. पोरं देखणी काढलेली आहेत आणि मुली ती बघतात. आपणही आपल्या वयात क्रिकेटची मॅच फक्त धावफलकासाठी बघत नव्हतो. पण नुसत्या देखणेपणावर कुणी चार सीझन काढत नाही.

तुमच्या वर्णनावरून ही मालिका 'हायक्यू' असणार. ती ज्यावर बेतली आहे ती फुरुदाते हारुइची यांची चित्रकथा २०१२ ते २०२० या काळात 'शोनेन जंप' साप्ताहिकात आली. 'शोनेन' म्हणजे मुलग्यांसाठी, असं साप्ताहिकाच्या नावातच आहे. तुमचा धाकटा तेवढ्यावर थांबला. नायक हिनाता शाळेत नवा येतो तेव्हा १६३ सेंटिमीटरही भरत नाही, आणि त्याला जाळ्याजवळ उडी मारून स्मॅश मारायचाय. आधीच्या शाळेत त्याला धड संघही नव्हता, म्हणून तो मुलींच्या संघाबरोबर, गावातल्या आयांच्या व्हॉलीबॉल गटाबरोबर, जो भेटेल त्याच्याबरोबर सराव करायचा. (आयांचे असे गट जपानात खरोखर असतात. साताऱ्यात काढा एखादा.)

आता हे बघा. हिनाताला खेळायचंय. का? खेळायचंय म्हणून. पुढे काय करणार, रात्री किती वाजता घरी येणार, लग्नानंतर चालू ठेवणार का, हे त्या गोष्टीत त्याला कुणी विचारत नाही. हवं असणं एवढंच कारण पुरतं. मी पुण्यात जपानी शिकवते. माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलींना 'आता हे जपानी कशाला?' या प्रश्नाचं उत्तर घरी आधीच द्यावं लागलेलं असतं. कुणी नोकरीचं कारण सांगते, कुणी परदेशाचं. 'आवडतं म्हणून' हे उत्तर घरात चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. अशा मुलीला तासभर अशा जगात बसायला मिळतं जिथे वेडासारखं काही हवं असणं हीच रीत आहे, तर ती तिथे का बसणार नाही? मुलगे या मालिका बघतात तेव्हा त्यांना हे जाणवतही नसावं. त्यांना ते बाहेरही मिळतं.

दुसरं असं, की नायिका असलेल्या गोष्टीत बघणारी मुलगी नकळत स्वतःला मापत बसते. ती कशी दिसते, कशी बोलते, तिला कोण निवडतं. अकरा-बारा पोरांच्या संघात मापायला कुणी नसतंच. मग तुमची मुलगी तिथे सेटर (स्मॅशसाठी चेंडू उचलून देणारा) होऊ शकते, स्मॅश मारणारी होऊ शकते, नाहीतर हरलेला कॅप्टन.

हरलेल्या कॅप्टनवर जरा थांबते, कारण माझ्या मते मुलींना खरी गोडी तिथे आहे. ओइकावा नावाचा एक प्रतिस्पर्धी सेटर आहे. कष्टाळू, हुशार, थोडा आगाऊ. वरच्या बाजूला एक राक्षसी ताकदीचा संघ, जो त्याला दरवेळी हरवतो. खालून उपजत प्रतिभेचा कागेयामा चढत येतोय. शाळेत असताना एकदा वैतागाच्या भरात तो या कागेयामावर हात उगारतो आणि बालमित्र इवाइझुमी तो मध्येच अडवतो. या एका क्षणावर माझ्या विद्यार्थिनी तासन् तास बोलू शकतात. मत्सर, भीती, मैत्री, सगळं तिथे आहे आणि मोठ्याने कुणीच काही बोलत नाही. सामना कोण जिंकलं हे त्यांना आठवतं, पण वाद होतात ते इवाइझुमीला त्या वेळी काय वाटलं असेल यावर. सगळ्या मुली अशाच असतात असं नाही. एक तालुका पातळीवर खेळलेली मुलगी आहे, तिला फक्त सर्व्हिस बघायची असते. ओइकावा रडला काय नि हसला काय.

ओइकावा आणि इवाइझुमी या दोन पोरांमधल्या न बोललेल्या जागा काही मुली स्वतः भरतात. चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, कधी त्या दोघांची प्रेमकथाही रचतात. दचकू नका, हे फार जुनं आहे. ताकाहाशी योइची यांची फुटबॉलची चित्रकथा 'कॅप्टन त्सुबासा' १९८१ मध्ये याच साप्ताहिकात सुरू झाली, आणि त्या दशकाच्या मध्यापर्यंत तरुण मुलींनी तिच्यावर बेतलेल्या स्वतःच्या पुस्तिकांचा ढीग रचला. अशा पुस्तिकांचा बाजार म्हणजे तोक्योतलं 'कॉमिकेट'. १९७५ च्या डिसेंबरात तो पहिल्यांदा भरला तेव्हा अंदाजे ७०० जण आले होते आणि त्यांत बहुसंख्य शाळकरी मुली होत्या. शोनेनच्या वाचक मुली आज उगवलेल्या नाहीत, एवढंच धाकट्याला सांगा. निर्मात्यांनाही हे चांगलं माहीत आहे. टेनिसवरच्या एका शोनेन कथेचं २००३ मध्ये संगीत नाटक केलं, ते मुख्यतः बायकांनी डोक्यावर घेतलं.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. हायक्यूत हिनाताच्याच शाळेचा मुलींचाही संघ आहे. त्याची कॅप्टन मिचिमिया. तो संघ पहिल्या फेरीतच हरतो, तिला रडू आवरत नाही, आणि कथा पुन्हा मुलांकडे वळते. मला अजून राग येतो. फुरुदातेंनी हरणाऱ्यांना जेवढी माया दिली तेवढी फार थोडे देतात, मग तिच्या संघाला आणखी दोन-चार भाग द्यायला काय झालं होतं?

तुम्ही काय करायचं, हे विचारलेलं नाही, तरी सांगते. 'हे का बघतेस' विचारू नका. तो प्रश्न ती दिवसभर ऐकते. 'ओइकावाचं पुढे काय झालं' विचारा आणि चहा ठेवा, वेळ लागेल. मुलींचीच गोष्ट हवी असेल तर दोघी मिळून 'चिहायाफुरू' बघा. सुएत्सुगु युकी यांची ही कथा २००७ पासून बायकांच्या नियतकालिकात आली, आणि तिच्यातली मुलगी जुन्या कवितांच्या पत्त्यांच्या खेळात देशात पहिली यायचं म्हणते, अगदी हिनातासारख्याच हट्टानं.

प्रश्न : मुलग्यांसाठीच्या या चित्रकथा सगळ्या पुरुषच काढतात का? – बारावीची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : अजिबात नाही. ताकाहाशी रुमिको १९७८ पासून मुलग्यांच्या साप्ताहिकात काढतायत. 'रान्मा' आणि 'इनुयाशा' त्यांचेच. 'फुलमेटल अल्केमिस्ट' (२००१ ते २०१०) काढणाऱ्या आराकावा हिरोमु होक्काइदोतल्या गवळ्याच्या घरातल्या; त्यांनी टोपणनाव पुरुषी घेतलं. त्यांच्या कथेत यंत्रं दुरुस्त करणारी विन्री आहे, बंदूकबाज हॉकआय आहे, आणि समोरच्याला लोळवून 'मी एक साधी गृहिणी' सांगणारी इझुमी आहे. इझुमीपासून सुरुवात कर असं म्हटलं असतं, पण ती जरा उशिरा येते. धीर धर.

प्रश्न : मी मुलगा आहे, अकरावीत. मला 'फ्रुट्स बास्केट' आवडतं. मित्रांना कळलं तर माझी काही खैर नाही. – नाव नको, सोलापूर

उत्तर : वरच्या ताईंच्या मुलीला हसत का होईना, मोकळेपणाने बघता येतं, तुला लपवावं लागतं. मुलीने मुलग्यांचं बघितलं तर लोक आश्चर्य करतात, मुलग्याने मुलींचं बघितलं तर त्याची लाज काढतात. मला हे दुसरं जास्त खटकतं. ताकाया नात्सुकी यांची ती कथा मुलींच्या नियतकालिकात आली खरी, पण घराण्याने वाळीत टाकलेला क्यो हा मुलगा तिच्यात आहे आणि त्याचं दुःख मुलग्यालाही कळतं. सगळ्या टोळीला सांगायची गरज नाही. एकाला सांग, जो स्वतः काहीतरी लपवत असेल असा. २०१९ ची कार्टून आवृत्तीच दाखव, तिच्यात गोष्ट शेवटपर्यंत आहे.