फँटसी प्रीमियर लीगमध्ये दर आठवड्याला कोणाला खेळवावे आणि कोणाला बेंचवर ठेवावे?

फँटसी प्रीमियर लीग म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खऱ्या फुटबॉलपटूंचा स्वतःचा संघ बांधून त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवण्याचा ऑनलाइन खेळ. तुमचा प्रश्न असा आहे की पंधरा जणांतून अकरा निवडताना तुमचा अंदाज वारंवार चुकतो; आदल्या आठवड्यात गोल केलेला खेळाडू संघात घेतला की तो कोरडा राहतो आणि बेंचवरचा मात्र गुण मिळवून जातो, तेव्हा हा निर्णय नेमका कशावरून घ्यावा? या आठवड्याचा पेचही तुम्ही सोबत दिला आहे. गोलरक्षक, तीन बचावपटू, मधल्या फळीतले तिघे आणि तिन्ही स्ट्रायकर अशा दहा जागा पक्क्या आहेत. अकराव्या जागेसाठी पन्नास टक्क्यांचा पिवळा फ्लॅग (खेळण्याची शक्यता निम्मीच असल्याची खूण) लागलेला एक विंगर, म्हणजे कडेने खेळणारा मिडफिल्डर, अव्वल संघाच्या मैदानावर खेळायला जाणारा एक सेंटर-बॅक, म्हणजे मधला बचावपटू, आणि घरच्या मैदानावर खेळणारा, जवळपास दर सामन्यात पूर्ण नव्वद मिनिटे मैदानात असणारा एक बचावात्मक मिडफिल्डर असे तिघे शिल्लक आहेत. दुसरा गोलरक्षक सोडला तर उरणारा खेळाडू, म्हणजे तुमचा पाचवा बचावपटू, जखमी आहे.

माझ्या मते बहुतेक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात. कोण जास्त गुण मिळवेल हा प्रश्न नंतरचा आहे. आधी कोण किती मिनिटे खेळेल हे पाहावे लागते. साठ मिनिटांपेक्षा कमी खेळणाऱ्याला एक गुण मिळतो, साठ किंवा अधिक मिनिटे खेळणाऱ्याला दोन, आणि क्लीन शीटचे, म्हणजे संघाने एकही गोल न खाल्ल्याचे, गुणही साठ मिनिटे पूर्ण केल्याशिवाय मिळत नाहीत. याहून महत्त्वाचा नियम बेंचचा आहे: तुमच्या अकरांपैकी एखादा खेळाडू त्या गेमवीकमध्ये (सामन्यांच्या त्या फेरीत) एक मिनिटही खेळला नाही, तरच त्याच्या जागी बेंचवरचा खेळाडू आपोआप येतो. तो शेवटची दहा मिनिटे मैदानात उतरला, तर एक गुण पदरात पडतो आणि बेंचचा दरवाजा बंद होतो. २०२२-२३ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमध्ये पाच बदली खेळाडूंना परवानगी मिळाली, तेव्हापासून अशा उशिरा उतरणाऱ्या खेळाडूंचा प्रश्न अधिक जाचक झाला आहे.

म्हणून शंकास्पद खेळाडूबाबत ‘खेळेल की नाही’ एवढेच विचारून भागत नाही, कारण शक्यता तीन असतात: तो पहिल्या अकरांत असेल, तो अजिबात उतरणार नाही, किंवा तो बेंचवरून उशिरा येईल. यातली तिसरीच शक्यता आपले खरे नुकसान करते. समजा, एखादा खेळाडू सुरुवातीपासून खेळण्याची शक्यता पन्नास टक्के, उशिरा येऊन एक गुण मिळवण्याची तीस टक्के आणि अजिबात न खेळण्याची वीस टक्के आहे, आणि तुमच्या पहिल्या बदली खेळाडूकडून सरासरी तीन गुणांची अपेक्षा आहे. शंकास्पद खेळाडू सुरुवातीपासून खेळल्यास सरासरी सहा गुण देणारा असेल, तर त्याला संघात ठेवल्यास अपेक्षित गुण ३ अधिक ०.३ अधिक ०.६, म्हणजे ३.९ होतात आणि त्याला ठेवणेच योग्य ठरते. तोच खेळाडू सरासरी चार गुणांचा असेल, तर हीच बेरीज २.९ वर येते आणि निश्चित खेळणारा साधा खेळाडू बरा ठरतो. टक्केवारी अर्थातच अंदाजाची असते; पण तीन शक्यता वेगळ्या मांडल्या की आपण नेमक्या कशाला घाबरत आहोत हे तरी स्पष्ट होते.

या टक्केवारीचा अंदाज बांधताना मी दुखापतीचे स्वरूप पाहतो. आजारपण किंवा आदल्या सामन्यात बसलेला किरकोळ मार असेल, तर खेळाडू बहुधा एक तर सुरुवातीपासून खेळतो किंवा घरीच थांबतो. अशा वेळी बेंच तुमच्या मदतीला येऊ शकते. याउलट स्नायूंच्या दुखापतीतून काही आठवड्यांनी परतणाऱ्या खेळाडूला प्रशिक्षक सहसा आधी वीस-पंचवीस मिनिटे देतात, म्हणजे तिसऱ्या शक्यतेचे पारडे जड होते. फ्लॅगवरचा पन्नास टक्क्यांचा आकडा दोन्ही ठिकाणी सारखाच दिसतो, पण त्याचा अर्थ एक नसतो. प्रशिक्षकांच्या पत्रकार परिषदेत ‘तो संघासोबत सराव करत आहे’ आणि ‘तो खेळायला तयार आहे’ या दोन वाक्यांत जे अंतर असते, ते त्या आकड्यापेक्षा अधिक सांगून जाते.

वेळापत्रकाचाही यात मोठा हात आहे. संघ निश्चित करण्याची डेडलाइन गेमवीकमधल्या पहिल्या सामन्याच्या नव्वद मिनिटे आधी असते, आणि संघांची अधिकृत यादी सामन्याच्या पंचाहत्तर मिनिटे आधी जाहीर होते, त्यामुळे यादी पाहून निर्णय घेण्याची सोय खेळाने ठेवलेलीच नाही. पहिला सामना शुक्रवारी रात्री असेल, तर रविवारी किंवा सोमवारी खेळणाऱ्या संघाच्या दुखापतींविषयी पुष्कळदा काहीच ठोस कळलेले नसते. म्हणून तितक्याच शंकेचे दोन खेळाडू असतील तर ज्याच्या संघाची माहिती आधी मिळते त्याला मी झुकते माप देतो. मधल्या आठवड्यात युरोपीय स्पर्धांचे सामने असणाऱ्या संघांत अदलाबदल जास्त होते, आणि २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघाला आठ सामने खेळावे लागत असल्याने हा ताण वाढला आहे.

मिनिटांचा हिशेब झाल्यावरच मी प्रतिस्पर्ध्याकडे वळतो. खेळाच्या वेळापत्रकात सामना सोपा की कठीण हे दाखवणारे रंग मला फार ढोबळ वाटतात, कारण तोच रंग तुमच्या बचावपटूला आणि स्ट्रायकरलाही लागू केलेला असतो. भरपूर गोल करणारा आणि तितकेच खाणारा संघ समोर असेल, तर तुमच्या स्ट्रायकरसाठी तो उत्तम आणि बचावपटूसाठी वाईट. बचावपटूची मोठी कमाई क्लीन शीटच्या चार गुणांवर उभी असते आणि संघाने खाल्लेल्या दर दोन गोलांमागे त्याचा एक गुण कापला जातो. मधल्या फळीतल्या खेळाडूला मात्र कठीण सामन्यातही एका गोलाचे पाच गुण मिळू शकतात. त्यामुळे कठीण सामन्यात सहसा आधी बचावपटू बसवावा, असाच रिवाज होता. २०२५-२६ च्या हंगामापासून त्यात फरक पडला आहे. क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल या बचावाच्या कृती मिळून दहा झाल्या की बचावपटूला दोन गुण मिळतात. मधल्या फळीतल्या खेळाडूंना आणि स्ट्रायकरना बारा लागतात, पण त्यांच्या बाबतीत चेंडू परत मिळवल्याच्या नोंदीही धरल्या जातात. परिणामी सतत दबावाखाली खेळणाऱ्या संघाचा सेंटर-बॅक दोन गोल खाऊनही तीन गुण घेऊन येऊ शकतो. कडेच्या बचावपटूच्या, म्हणजे फुल-बॅकच्या, बाबतीत मात्र मी इतका भरवसा धरणार नाही.

मागच्या आठवड्यातल्या गोलाला मी फार कमी किंमत देतो. पाच-सहा सामन्यांत मिळून त्याचे अपेक्षित गोल (मिळालेल्या संधींच्या दर्जावरून काढलेला अंदाज) किती आहेत, तो गोलाजवळून फटके मारतो की लांबून, आणि पेनल्टी तो घेतो का, हे पाहणे अधिक उपयोगाचे आहे. पेनल्टीचे अपेक्षित मूल्य सुमारे ०.७९ गोल मानले जाते, म्हणून समसमान निवडीत पेनल्टी घेणाऱ्याला मी निःसंकोच पुढे करतो. काही खेळाडूंबाबत तर हा विचार करूच नये. २०२४-२५ मध्ये मोहम्मद सलाहने ३४४ गुण मिळवले; त्या हंगामात प्रतिस्पर्धी पाहून त्याला बसवणाऱ्याने स्वतःचेच नुकसान करून घेतले असते. गोलरक्षकांच्या आलटून-पालटून निवडीवर डोके शिणवणेही मला पटत नाही. एक नियमित खेळणारा आणि एक स्वस्तातला पुरेसा आहे.

आता तुमचा पेच. विंगरला संघात घेतले तर रचना ३-४-३ होते आणि बेंचवर मिडफिल्डर, सेंटर-बॅक आणि जखमी बचावपटू राहतात. येथे बेंचच्या क्रमात मिडफिल्डर पहिला ठेवावा. तीनपैकी एखादा बचावपटू खेळला नाही, तर किमान तीन बचावपटूंची अट असल्यामुळे क्रम काहीही असला तरी सेंटर-बॅकच आत येईल. आणि विंगर खेळला नाही, तर घरच्या मैदानावरचा मिडफिल्डर येईल. म्हणजे सेंटर-बॅक दुसऱ्या क्रमांकावर ठेवून तुम्ही बचावफळीचे संरक्षण मुळीच गमावत नाही. तुमच्या विंगरची शंका आजारपणाची किंवा किरकोळ माराची असेल, तर मी त्याला याच रचनेत निर्धास्त खेळवीन, मात्र कॅप्टन (ज्याचे गुण दुप्पट होतात) किंवा व्हाइस-कॅप्टन (कॅप्टन अजिबात न खेळल्यास ज्याचे गुण दुप्पट होतात) करणार नाही. कॅप्टन उशिरा उतरला तर व्हाइस-कॅप्टनला दुप्पट गुणांची संधीच मिळत नाही, आणि व्हाइस-कॅप्टनचे तर कामच निश्चित खेळण्याचे आहे.

तो स्नायूंच्या दुखापतीतून परतत असेल, तर त्याला बेंचवर पहिल्या क्रमांकावर ठेवावे आणि उरलेल्या दोघांतून एकाला घ्यावे. त्यासाठी दोघांच्या मागच्या सहा सामन्यांतल्या बचावात्मक नोंदी उघडून पाहा. सेंटर-बॅकने निम्म्या किंवा अधिक सामन्यांत दहाचा टप्पा गाठला असेल, तर समोर अव्वल संघ असला तरी मी त्यालाच घेईन, कारण त्या मैदानावर त्याला काम कमी पडणार नाही. तो अधूनमधूनच तिथवर पोहोचत असेल, तर मिडफिल्डर घ्यावा: खाल्लेल्या गोलांसाठी त्याचे गुण कापले जात नाहीत, आणि घरच्या मैदानावर क्लीन शीट राहिली तर खेळण्याच्या दोन गुणांचे तीन होतात.