वाचकांचे प्रश्न : सतरा वर्षांखालील विश्वचषक आणि वयाचा हिशेब

गेल्या अंकात सतरा वर्षांखालील राष्ट्रीय संघांच्या फुटबॉल विश्वचषकाविषयी, विशेषतः ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात तो भारतात भरला त्याविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. कोल्हापूरच्या एका पालकांच्या पत्राला सर्वांत जास्त जागा दिली आहे आणि ती देणे मला आवश्यक वाटते.

प्रश्न (नाशिक) : "सतरा वर्षांखालील" म्हणजे सामन्याच्या दिवशी सतरा पूर्ण झालेली नसावीत, असा अर्थ आहे का? आणि मुलांचे सामने कमी वेळाचे असतात का?

नाही. वय सामन्याच्या तारखेला मोजत नाहीत, जन्मवर्षावरून ठरवतात. २०१७ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली मुले पात्र होती, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये मैदानावर उतरलेल्या अनेकांनी सतरा पूर्ण केलेली होती आणि ते पूर्णपणे नियमात बसत होते. उलट ३१ डिसेंबर १९९९ ला जन्मलेला मुलगा एका दिवसाने बाहेर राहिला. या नियमाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला अशी दोन मुले एकाच गटात येतात, आणि त्या वयात अकरा महिन्यांचा फरक उंचीत, वजनात आणि धावण्याच्या वेगात स्पष्ट दिसतो. निवड करणाऱ्याच्या नजरेत जानेवारीचा मुलगा आधी भरतो.

सामना मात्र मोठ्यांच्या सामन्याइतकाच, ९० मिनिटांचा असतो. बाद फेरीत बरोबरी झाली तर अतिरिक्त वेळ न देता थेट पेनल्टी घेतात. इंग्लंड आणि जपान यांच्यातील उपउपांत्यपूर्व सामना कोलकात्यात गोलशून्य राहिला आणि इंग्लंड पेनल्टीवर पुढे गेले. पुढे त्याच संघाने अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून ५-२ असा विजय मिळवला.

प्रश्न (कोल्हापूर) : माझा मुलगा पेठेतल्या तालीम मंडळाच्या लहान गटात खेळतो. जन्म डिसेंबर २०१० चा. त्याच्याबरोबरची मुले अंगाने दांडगी आहेत, म्हणून चाचणीत तो मागे पडतो. एका प्रशिक्षकांनी सुचवले की, दाखल्यावर वय दोन वर्षांनी कमी करून घ्या, सगळेच करतात. आम्ही काय करावे?

कृपा करून असे करू नका. तुमची अडचण खरी आहे आणि ती तुमच्या मुलाच्या खेळातली उणीव नाही, हे आधी सांगतो. २०२७ च्या सतरा वर्षांखालील गटासाठी १ जानेवारी २०१० ही मर्यादा येते. तुमचा मुलगा त्या वर्षाच्या अगदी शेवटी जन्मलेला असल्याने तो जवळजवळ एक वर्ष मोठ्या मुलांशी झुंजतो आहे. वर सांगितलेला जन्ममहिन्याचा फटका तो हाच.

आता त्या सल्ल्याविषयी. राष्ट्रीय संघाच्या पातळीवर दाखला ही शेवटची कसोटी राहिलेली नाही. २००९ साली नायजेरियात झालेल्या विश्वचषकापासून फिफाने मनगटाची एमआरआय तपासणी आणली. मुलाला यंत्राच्या खाटेवर पडायला सांगतात आणि त्याचे मनगट काही मिनिटे अजिबात न हलवता ठेवतात. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे जे हाड असते, त्याच्या मनगटाकडच्या टोकाजवळ, वाढ चालू असेपर्यंत, कूर्चेची एक पातळ चकती असते. वाढ संपत आली की ही चकती हळूहळू भरून येते आणि तिच्या जागी सलग हाड तयार होते. डॉक्टर या भरून येण्याच्या सहा पायऱ्या मानतात. सहावी पायरी, म्हणजे चकतीचा मागमूस न उरणे, सतरा वर्षांच्या आतल्या मुलग्यांत अत्यंत विरळ आढळते, म्हणून ती दिसली की तो मुलगा स्पर्धेबाहेर जातो. (मुलींची हाडे लवकर जुळतात, त्यामुळे हाच निकष त्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.) या तपासणीत क्ष-किरण नसतात, त्यामुळे अपायाची भीती नाही. ती नेमके वय सांगत नाही, एवढेच सांगते की हे हाड सतरा वर्षांच्या आतल्या मुलाचे असण्याची शक्यता जवळजवळ नाही. संशयाचा फायदा मुलालाच मिळतो, कारण अठराव्या वर्षीही ज्याचे हाड पूर्ण जुळलेले नाही तो सुटतो. पण जो सुटत नाही त्याला कोणताही दाखला वाचवू शकत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॅमेरूनने आपल्या सतरा वर्षांखालील संघाची पात्रता स्पर्धेआधी तपासणी केली तेव्हा ३० पैकी २१ मुले या तपासणीत अपात्र ठरली आणि संघ नव्याने उभा करावा लागला. त्या २१ घरांत त्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार केल्याशिवाय मला ही बातमी वाचता आली नव्हती.

समजा तो पकडला गेला नाही. तरीही नुकसान त्याचेच आहे. दोन वर्षे लहान मुलांत खेळणारा मुलगा खांद्याच्या धक्क्यावर आणि लांब टांगांवर सामने जिंकतो. चेंडू पायाशी येण्याआधी मान वळवून मागे कोण आहे ते पाहणे, पहिल्याच स्पर्शात चेंडू मोकळ्या बाजूला काढणे, हे त्याला शिकावेच लागत नाही. वीस-एकविसाव्या वर्षी बाकीचे अंगाने त्याच्या बरोबरीला आले की त्याच्याजवळ दुसरे काहीच उरत नाही. तुमच्या मुलाला आज नेमके उलट मिळते आहे. दांडग्या मुलांतून वाट काढण्यासाठी त्याला डोके आणि पाय दोन्ही वापरावे लागतात, आणि हे शिक्षण पैसे देऊनही मिळत नाही. शिवाय खोट्या वयाने तो निवडला गेला, तर ज्याची जागा जाईल तो खरोखर लहान असलेला, कदाचित तुमच्याच मुलासारखा डिसेंबरात जन्मलेला मुलगा असेल.

करण्यासारखे बरेच आहे. प्रशिक्षकांशी मोकळेपणाने बोला आणि जन्ममहिना लक्षात घेऊन त्याला पाहा, अशी विनंती करा. चाचणीत मागे पडला तरी त्याचे सामने बंद करू नका. दर तीन महिन्यांनी त्याची उंची दाराच्या चौकटीवर खूण करून मोजा, म्हणजे वाढीचा जोर अजून यायचा आहे की येऊन गेला, हे तुम्हाला समजेल आणि त्यालाही धीर येईल. आपल्या कोल्हापूरचाच अनिकेत जाधव २०१७ च्या भारतीय संघात आघाडीला होता. शाहू स्टेडियमवर पेठेच्या संघासाठी घसा फोडणाऱ्या गावातून तिथवर वाट जाते, हे त्या संघाने दाखवले आहे.

प्रश्न (पुणे) : भारत तिन्ही सामने हरला. यजमान म्हणून आयती मिळालेली जागा घेऊन नेमके काय साधले?

निकाल कटू होते, हे खरे आहे. दिल्लीत अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४. तरी ९ ऑक्टोबरचा दुसरा सामना पुन्हा आठवून पाहावा, असे मला वाटते. कोलंबिया एका गोलने पुढे होते. ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनने कॉर्नर मारला, उंचपुरा जीक्सन सिंग गर्दीतून वर उठला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. फिफाच्या विश्वचषकात भारताने केलेला हा पहिला गोल होता. मुले जल्लोष करून जागेवर परतत नाहीत तोच, पुढच्याच मिनिटाला, कोलंबियाने दुसरा गोल केला. आनंदाच्या क्षणीही रचना मोडू द्यायची नाही, हा धडा फळ्यावर लिहून शिकवता येत नाही, तो त्या मुलांनी साठ सेकंदांत घेतला.

भारतीय संघातल्या २१ जणांत आठ मुले एकट्या मणिपूरची होती, कर्णधार अमरजित सिंग कियामसह. स्पर्धा संपल्यावर महासंघाने यांतील बरीच मुले एकत्र ठेवून 'इंडियन ॲरोज' या नावाने आय-लीग या राष्ट्रीय साखळी स्पर्धेत उतरवली, हा निर्णय मला स्पर्धेइतकाच महत्त्वाचा वाटतो. जीक्सन, सुरेश वांगजाम, अन्वर अली आणि रहीम अली पुढे वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून खेळले. प्रेक्षकांचे म्हणाल, तर ५२ सामन्यांना मिळून १३ लाख ४७ हजारांहून अधिक लोक आले आणि १९८५ च्या चीनमधील पहिल्या स्पर्धेचा उच्चांक मोडला. आपल्या राज्यात स्पर्धेआधी, १५ सप्टेंबरला, दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम झाला होता. त्यानंतर त्या मुलांसाठी शाळाशाळांत नियमित सामने सुरू व्हायला हवे होते, आणि माझी खंत तीन पराभवांपेक्षा याबद्दल अधिक आहे.

प्रश्न (मडगाव) : गोव्यातील सामन्यांविषयी लेखात फारच थोडे होते.

तक्रार रास्त आहे. फातोर्ड्याच्या मैदानावर क गटाचे सामने झाले आणि १० ऑक्टोबरला इराणने जर्मनीला तिथे ४-० असे हरवले, हा त्या स्पर्धेतील सर्वांत मोठ्या धक्क्यांपैकी एक होता. २०२२ च्या मुलींच्या विश्वचषकातही भुवनेश्वर आणि नवी मुंबईबरोबर फातोर्ड्याची निवड झाली. त्या वर्षी भारतीय मुलींनी भुवनेश्वरमध्ये अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांच्याविरुद्ध एकूण १६ गोल स्वीकारले. हे आकडे मुलांच्या आकड्यांपेक्षा जड आहेत, आणि या वयापर्यंत आपण मुलींना किती कमी सामने खेळू देतो ते त्यांतून दिसते.

प्रश्न (रत्नागिरी) : माझी नात मार्च २०११ ची आहे आणि चांगली खेळते. तिच्या वयाला कोणता विश्वचषक बसेल?

मुलींची ही स्पर्धा पूर्वी दोन वर्षांनी होत असे. २०२५ पासून ती दरवर्षी, २४ संघांची, मोरोक्कोत होते आणि २०२९ पर्यंतचे यजमानपद त्यांच्याकडेच आहे. मुलांचीही आता दरवर्षी, ४८ संघांची, कतारमध्ये भरते. १ जानेवारी २०११ ही मर्यादा २०२८ च्या स्पर्धेला लागू होईल, म्हणजे तुमच्या नातीला सतरा वर्षांखालील गटात २०२८ पर्यंत खेळता येईल. त्यासाठी भारताला आधी आशियाई स्पर्धेतून पात्र व्हावे लागेल. तिचा मूळ जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या नोंदीतली जन्मतारीख एकच आहे ना, तेवढे याच महिन्यात पडताळून ठेवा.