"आय ॲम अफ्रेड ऑफ यू" म्हणाल्या आणि सून गप्पच झाली

मी समुपदेशक आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणांचं एक दुखणं असतं, की इंग्रजीत कामापुरतं सगळं जमतं पण मनातलं बोलायला गेलं की तोंडच उघडत नाही. कोणाचा जावई परदेशी, कोणाची नातवंडं फक्त इंग्रजी बोलणारी. सगळ्यांना वाटतं आपल्याला शब्द कमी येतात. मला तसं वाटत नाही. सॅड, हॅपी, सॉरी, वरीड हे शब्द सगळ्यांना येतात, त्या शब्दाला पुढचं वाक्य जोडताना अडतं. त्याचीच ही एक केस. (काकूंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.)

काकू साठीच्या आसपासच्या. सुनेला मराठी अजिबात येत नाही, राहते दूर देशात. तिची आई गेली तेव्हा काकूंनी मुलाला बाजूला ठेवून स्वतः फोनवर बोलायचं ठरवलं, आणि हे मला फार आवडलं, कारण दुःखाचं बोलणं तिसऱ्याने ट्रान्सलेट करून पोचवलं की त्यातली ऊब जाते. तर काकूंच्या मनात होतं, पोरी तू एकटी पडलीस, तुझ्या काळजीने मला भीती वाटते गं. तोंडातून आलं, "आय ॲम अफ्रेड ऑफ यू." म्हणजे मला तुझी भीती वाटते, तू मला भीतीदायक वाटतेस. सून एकदम गप्प झाली, मग फोन मुलाकडे गेला, आणि त्यानंतर तीन आठवडे ती स्वतःहून बोललीच नाही.

काकू माझ्यासमोर बसून रडत होत्या. "ताई, तिला मी आधीपासूनच नकोशी आहे, तिनेच मागे मेसेज केला होता की तिला आमच्याकडे यायची भीती वाटते." मी म्हटलं मेसेज दाखवा. मेसेज होता, "आय ॲम अफ्रेड दॅट वी कान्ट कम धिस इयर." इथे भीतीबिती काही नाही! नको असलेली बातमी हळुवारपणे सांगायची ही इंग्रजीतली पद्धत आहे, म्हणजे वाईट वाटतंय पण यंदा यायला जमणार नाहीये. एकाच शब्दाने दोघींना दोन बाजूंनी दुखावलं होतं आणि दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता.

त्या दिवशी मी ग्रामर काढलंच नाही. रडणाऱ्या माणसाला ग्रामर शिकवू नये. पुढच्या वेळी मात्र म्हटलं, काकू, तिला काय सांगायचं होतं ते आधी मराठीत सांगा, घाई नाही. त्या म्हणाल्या, "तुझी आई गेली याचं फार वाईट वाटतं. तू एकटी आहेस याची काळजी वाटते. आणि मला येता आलं नाही याचं मनाला लागून राहिलंय." तीन वेगळ्या भावना, तिन्हीची कारणं वेगळी, आणि फोनवर त्या सगळ्या एका अफ्रेडमध्ये कोंबल्या गेल्या होत्या.

मराठीत आपण बहुतेक वेळा घडलेली गोष्ट आधी सांगतो, मग "याचं", "याची", आणि भावना शेवटी. शिवाय भावना "मला" वाटते. इंग्रजीत उलटं, आधी माणूस, आय ॲम, मग भावना, मग दॅट आणि दॅटच्या मागे जे घडलं त्याचं पूर्ण वाक्य. तो दॅट म्हणजे आपला "की", मला आनंद वाटतो की तू आलीस, तसाच. गडबड होते ती ऑफ आणि अबाउटमुळे. भावनेमागे नुसती व्यक्ती किंवा वस्तू असेल तर ते लागतात, प्राउड ऑफ यू, वरीड अबाउट यू. पण मागे पूर्ण वाक्य आलं की ऑफ गळून पडतो, प्राउड दॅट यू डिड इट. प्राउड ऑफ दॅट यू डिड इट असं होत नाही. आणि काकूंना फक्त "तुझ्यासाठी भीती वाटते" एवढंच म्हणायचं असतं तर ऑफच्या जागी फॉर हवा होता. एवढासाच शब्द, पण अर्थ अख्खा फिरतो.

सॉरीवर मात्र त्या अडून बसल्या. "माझं काय चुकलं म्हणून मी सॉरी म्हणू?" हा प्रश्न मला खूप जण विचारतात, कारण आपल्याकडे सॉरी म्हणजे माफी एवढंच डोक्यात बसलंय. आय ॲम सॉरी दॅट युवर मदर पास्ड अवे, यात माफी नाहीये, तुझ्या दुःखात मला दुःख आहे एवढंच आहे. हे कळल्यावर काकूंचा चेहरा एकदम सैल झाला.

अजून एक गोष्ट, आणि ही मला समुपदेशक म्हणून जास्त महत्त्वाची वाटते. काकूंनी आधी लिहून आणलेलं वाक्य होतं, "आय फील दॅट यू आर अँग्री विथ मी." ग्रामर बरोबर आहे. पण फीलच्या मागे दॅट आला की बऱ्याचदा भावना येतच नाही, आपला अंदाज येतो, कधी आरोपही येतो. हे मराठीतही होतंच, "मला वाटतं तू चिडलीयेस" यात माझी भावना कुठेय? मी म्हटलं, फीलच्या जागी तुमच्या भावनेचं नाव टाका. बराच वेळ विचार करून त्यांनी लिहिलं, आय ॲम सॅड दॅट आय हर्ट यू. हे वाक्य ऐकणाऱ्याला स्वतःचा बचाव करावा लागत नाही.

शेवटी त्यांनी मेसेज न करता फोनच केला, कागद समोर धरून. सॉरी दॅट, वरीड दॅट, सॅड दॅट, तिन्ही वाक्यं वाचली, आणि मागचा अफ्रेड चुकून आला होता हेही सांगितलं. सून रडली म्हणे आणि म्हणाली, "आय ॲम सो ग्लॅड यू टोल्ड मी."

काकू ते वाक्य वहीत लिहून माझ्याकडे घेऊन आल्या. "ताई, यात दॅट कुठंय?"

म्हटलं, बोलताना तो गाळला तरी चालतो काकू, आहे असं धरायचं. त्यांनी ग्लॅड आणि यूच्या मधे पेन्सिलीने एक बारीक दॅट लिहून ठेवला.