घरची जांभळाची वाइन पातळ लागते, मनुका घातल्या तर बॉडी येईल का?

बॉडी, म्हणजे तोंडात जाणवणारा दाटपणा, येते, हो. पण तुम्ही लिहिलंय की २ किलो जांभळांना ५ लिटर पाणी घातलं, तर आधी तिथेच घोळ आहे असं मला वाटतं. एवढं पाणी घातल्यावर साखर वाढवली तरी ती यीस्ट खाऊन टाकतं, दारू चढते पण तोंडात काही राहत नाही. पुढच्या खेपेला तेवढ्या जांभळांना ३ लिटरच पाणी घाला, अर्धं काम तिथेच होईल.

आता मनुकांचं. मी फोंड्याला राहतो, आमच्याकडे दर मे-जूनला जांभळं आली की एक बरणी लागतेच, आणि हा प्रयोग मी चार-पाच वर्षं करतोय. ५ लिटरच्या बॅचला मी पाव किलो ते अर्धा किलो घालतो, त्याच्या वर गेलात तर वाइनला जांभळाचा वास राहत नाही, शेरी नावाच्या वाइनसारखा जुनाट वास येतो (काहींना तोच आवडतो म्हणा). लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे मनुकांत वजनाच्या साधारण ६० टक्क्यांहून जास्त साखरच असते, म्हणजे अर्धा किलो घातल्या तर ३०० ग्रॅम साखर आधीच आत गेली, तेवढी वरच्या साखरेतून कमी करा. लिटरला १७ ग्रॅम साखरेमागे साधारण १ टक्का अल्कोहोल होतं, म्हणजे ५ लिटरमध्ये ही ३०० ग्रॅम साखर साडेतीन टक्क्यांचा फरक पाडते. मी पहिल्या वर्षी हे धरलंच नव्हतं आणि जी काही जहाल वाइन झाली ती नाताळला कोणालाच दोन घोटांपुढे गेली नाही.

बाजारात पिवळे चकचकीत बेदाणे मिळतात ते नको. त्यांना गंधकाची धुरी दिलेली असते आणि तीच यीस्टला नडते. काळे बिनबियांचे घ्या, पाकिटावर प्रिझर्व्हेटिव्ह लिहिलंय का बघा, आणि गरम पाण्यात दोनदा खळखळून धुवा कारण वरून तेलाचा हात असतो. बियांच्या मोठ्या मनुका असतील तर मिक्सरला अजिबात लावू नका, बी फुटली की कडवटपणा येतो. बिनबियांचेसुद्धा सुरीने भरड चिरायचे, वाटले तर वाइन गढूळ होते आणि गाळता गाळता जीव जातो. मलमलच्या कापडात सैल पुरचुंडी बांधून पहिल्या दिवसापासून बरणीत सोडा, फुगून वर तरंगते, म्हणून रोज दोनदा स्वच्छ चमच्याने खाली दाबायची. सहा-सात दिवसांनी पिळून काढून टाका.

खजुरानेही बॉडी येते पण निवळायला फार वेळ लागतो. आमच्या शेजारची आंटी मूठभर गहू घालते आणि त्यानेच वाइन जाड होते म्हणून सांगते, पण गव्हातला स्टार्च यीस्टला खाताच येत नाही, तो नुसता गढूळपणा वाढवतो. तिला मात्र मी हे अजून सांगितलेलं नाही. पिकलेलं केळं उकळून त्याचं गाळलेलं पाणी घालणं हा उपाय मला मनुकांइतकाच बरा वाटतो, आणि केळ्यांना आपल्याकडे काय तोटा.

आणि मनुका म्हणजे यीस्टचं खाद्य, असं जे सगळीकडे सांगतात ते सोडून द्या, यीस्टला लागणारा नायट्रोजन त्यांच्यात नावापुरताच असतो.

तुमची आत्ताची बॅच बाटल्यांत भरली असेल तर त्यात मनुका टाकून बूच लावू नका!! साखर मिळाली की यीस्ट परत जागं होतं, गॅस होतो. आमच्या कपाटात एक बाटली फुटली होती, भिंतीवरचा जांभळा डाग दोन वेळा रंग मारूनही दिसतोय. परत बरणीत ओता, लिटरला ५० ग्रॅम चिरलेल्या मनुका घाला, वरून कापड बांधा, आठवड्याने पिळून काढा आणि मग निवळेपर्यंत एअरलॉक (गॅस बाहेर सोडणारं पण हवा आत न येऊ देणारं झाकण) लावून थांबा, बुडबुडे पूर्ण बंद झाल्याशिवाय बाटलीला हात लावू नका.