पणजोबा 1916 मध्ये बसऱ्याला वारले, एवढंच माहीत आहे. त्यांचं नाव कुठे सापडेल?

तुम्ही लिहिलंय की पणजोबा मराठा पलटणीत साधे शिपाई होते, 'बसऱ्याच्या लढाईत' गेले, घरी त्यांचं चांदीचं पदक आहे आणि इंडिया गेटवर शोधूनही नाव मिळालं नाही. ते कसे गेले आणि नाव कुठे असेल, हे दोन्ही बऱ्याच अंशी कळू शकतं.

इंडिया गेटचा नाद सोडा. तिथे कोरलेली तेराएक हजार नावं मुख्यतः वायव्य सरहद्दीवर आणि 1919 च्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेलेला माणूस तिथे मिळायचा नाही.

आता पदक हातात घ्या. चेहऱ्याच्या बाजूला पंचम जॉर्ज आणि मागे घोडेस्वार असेल, तर ते पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश पदक. त्याची कड उजेडात धरा आणि भिंगातून बघा. कडेवर रोमन अक्षरांत शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ते पदक कृपा करून चिंच लावून घासू नका, कड आधीच झिजलेली असते. घरात तळहाताएवढी ब्राँझची जाड चकतीही असेल, तर तिच्यावर फक्त नाव मिळेल, पलटण नाही. म्हणून खरा धागा पदकाच्या कडेवरच आहे.

कडेवर 103, 110 किंवा 117 यांपैकी आकडा असेल तर गोष्ट बरीचशी उलगडते. या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. नोव्हेंबर 1914 मध्ये हिंदी फौजेने तुर्कांकडून बसरा घेतलं, मग ही डिव्हिजन तैग्रिस नदीच्या काठाने वर सरकत गेली आणि नोव्हेंबर 1915 मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली. तिथून मागे फिरून डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने कूत-अल-अमारा या गावात ठाण मांडलं आणि डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. महिन्याला 11 रुपये पगारावर गेलेली आपल्याकडची माणसं त्या वेढ्यात अडकली.

24 डिसेंबरला तुर्कांनी कूतच्या मातीच्या किल्ल्याला खिंडार पाडलं. तिथे 103 वी पलटण ऑक्सफर्डशायरच्या गोऱ्या पलटणीबरोबर होती आणि त्यांनी तो हल्ला परतवला. ही लढाई पुस्तकांत मिळेल. पण मला त्यापेक्षा पुढचे चार महिने जास्त महत्त्वाचे वाटतात, कारण बहुतेक शिपाई तिथे झिजत गेले. पीठ संपत आलं तसं घोडे आणि खेचरं कापायला सुरुवात झाली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं, आपल्या माणसांपैकी बहुतेकांनी कित्येक आठवडे नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवली, तरी लोक तयार होईनात. गावी परतल्यावर जातभाई पंक्तीला घेतील का, ही भीती खोटी नव्हती. ज्यांनी याला अडाणीपणा म्हटलं त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. ताजा भाजीपाला नाही, मांसही नाही, त्यामुळे हिंदी शिपायांत स्कर्व्ही पसरला. हिरड्या सुजायच्या, जुन्या जखमा उकलायच्या. बांधावर उगवलेलं गवत भाजी म्हणून शिजवून खाताना विषारी पाला पोटात जाऊनही माणसं दगावली. शेवटी एप्रिलमध्ये भूक जिंकली आणि बरेच जण मांस खाऊ लागले, पण तोवर उशीर झाला होता. 29 एप्रिल 1916 ला कूत पडलं. सुमारे 13 हजार माणसं कैद झाली, त्यांत बहुसंख्य हिंदी.

म्हणून तुमच्यासाठी मृत्यूची तारीख महत्त्वाची. ती 29 एप्रिलच्या आधीची असेल तर वेढ्यातला गोळीबार, उपासमार किंवा आजार. किंवा वेढा फोडायला बाहेरून जी फौज धडपडत होती, तिच्यातही ते असू शकतील. मागून आलेली भरतीची माणसं कूतमध्ये पोचू शकली नाहीत, ती बाहेरच लढली. कूतच्या वाटेवर हन्ना इथे 21 जानेवारीला झालेल्या हल्ल्यात तर जखमी माणसं पावसात, चिखलात रात्रभर पडून होती. दवाखान्यांची आबाळ इतकी होती की पुढे चौकशी आयोग नेमला गेला आणि 1917 मध्ये ब्रिटनचे भारतमंत्री चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. तारीख मे किंवा नंतरची असेल तर बहुधा कैदेतला मृत्यू. कैद्यांना उन्हातून बगदाद, मोसुल आणि पुढे रास-अल-ऐनपर्यंत नेलं, तिथे हिंदी कैद्यांना रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो परतले नाहीत.

घरात 'लढता लढता पडले' असं सांगत असतील आणि कागदावर आजार निघाला, तर वाईट वाटून घेऊ नका. अशा मरणाला मी तसूभरही कमी लेखत नाही.

आता नाव. इराकमध्ये बसरा स्मारक आहे, ज्यांची कबर माहीत नाही अशा चाळीस हजारांहून जास्त लोकांसाठी. त्यावर गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण हिंदी शिपायांचा फक्त पलटणवार आकडा लिहिला. 'आणि इतर इतके हिंदी सैनिक' एवढंच. अमाऱ्याला (हे कूत-अल-अमारा नव्हे, तैग्रिसकाठचंच दुसरं गाव) नदीच्या डाव्या काठावर हिंदी सैनिकांची दफनभूमी आहे. तिथल्या सुमारे 5,000 जणांपैकी फक्त 9 जणांची ओळख पटलेली आहे, कारण नोंदीच नीट ठेवल्या नाहीत. याचा मला आजही संताप येतो. 2021 मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने, म्हणजे युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेने, या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली.

पण दगडावर नसलेली पुष्कळशी नावं रजिस्टरात आहेत, आणि ती कमिशनच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. आडनावापासून सुरुवात करू नका, तेव्हाच्या कारकुनांनी स्पेलिंगची पार वाट लावली आहे. आधी नंबर टाका. मग पलटण; इंग्रजीत तेव्हा 'मराठा' हा शब्द Mahratta असा लिहीत, तसा टाकून बघा. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव, गाव आणि जिल्हाही असतो. जिल्हा जुना धरा: आजचा सांगलीचा बराच भाग तेव्हा साताऱ्यात होता, रायगड म्हणजे कुलाबा, आणि सिंधुदुर्गाचा बराच भाग रत्नागिरीत.

गावातही बघा. पहिल्या युद्धानंतर सरकारने बऱ्याच गावांत छोट्या शिळा बसवल्या: या गावातून इतके पुरुष महायुद्धाला गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याची अशी आठवण प्रसिद्ध आहे. तुमच्या गावची शिळा चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत असू शकते, कधी चुन्याखाली.

रजिस्टरातही नाव नसलं तर पदकाचे, कडेचे आणि असतील त्या पेन्शनच्या कागदांचे फोटो कमिशनला पाठवा. पुरावा पटला तर ते आजही नवी नावं नोंदवतात. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रालाही एक पत्र टाका. आणि कडेवरचा नंबर वाचता आला की इथे खाली लिहा, शोधायला मी मदत करतो.