लेकीला सातवं लागलं की…

शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागत आली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. विचारणारी दरवेळी वेगळी असते. "मॅडम, मुलीला सातवं लागलंय. घरात खतनाचा विषय निघालाय. मी नाही म्हटलं, तर माझ्या आईला काय वाटेल?"

मुलींचा खतना म्हणजे आफ्रिकेतली कुठलीतरी गोष्ट, असं पुण्या-मुंबईत बऱ्याच जणांना वाटतं. दाऊदी बोहरा समाजातल्या अनेक घरांत तो इथंच, आपल्या शेजारी होत आलाय. काही जण त्याला खफ्ज म्हणतात. क्लिटोरिसवरची, म्हणजे योनीच्या वरच्या टोकाशी असलेल्या संवेदनशील अवयवावरची त्वचा कापतात. "नखाएवढी तर असते," असं घरातल्या मोठ्या बायका सांगतात. जागतिक आरोग्य संघटना मात्र तेवढं कापण्यालाही स्त्रीच्या जननेंद्रियांचं विच्छेदनच म्हणते, आणि त्याचा आरोग्याला कसलाही फायदा नाही. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगभरात २३ कोटींहून जास्त मुली आणि स्त्रिया यातून गेल्या आहेत. त्यातल्या काही माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून गेल्या. इथं मी दोघीतिघींचं बोलणं एकत्र केलंय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ती पस्तिशीची. पहिल्या भेटीत रिद्याची, म्हणजे बोहरा बायकांच्या अंगभर पोशाखाची, लेस बोटाला गुंडाळत तासभर सासूबाईंबद्दल बोलली. स्वतःबद्दल चकार शब्द नाही. उठताना म्हणाली, "माझ्या वेळी आइस्क्रीमला जाऊ म्हणून नेलं होतं. पिस्ता. अजून खात नाही मी."

सल्ला मागायला आलेल्या बाईला लगेच सल्ला देऊ नये, या मताची मी आहे. 'नाही' म्हणायचं, हे बहुतेक वेळा तिचं घरातून निघतानाच ठरलेलं असतं. अडलेलं असतं ते भलतीकडेच.

तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "त्या दिवसातलं डोळ्यांपुढे काय येतं?"

"जिना. मम्मी खाली उभी आहे. माझे सँडल तिच्या हातात."

"हातात का?"

ती थबकली. इतक्या वर्षांत तिला हा प्रश्न पडलाच नव्हता. त्या आठवड्यात तिनं आईला विचारलं. पुढच्या भेटीला आली ती खुर्चीत बसलीच नाही. "मम्मी म्हणते, तुला वाकून पट्टा लावता आला नसता ना! म्हणजे तिला माहीत होतं, मॅडम. मला दुखणार, हे तिला माहीत होतं."

खरं सांगते, आईची ती काळजी ऐकून ही विरघळेल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. ती संतापली, आणि मी तिला संतापू दिलं. त्या दिवशी मला नीट उमगलं की या हिंसेचं दुखणं इतकी वर्षं का मुरतं. परक्यानं केलं असतं तर तिला त्याचा तिरस्कार करता आला असता. इथं ज्या हातानं तिला नेलं, त्याच हातानं परत येताना तिचे सँडल धरले होते.

"मम्मीवर माझा जीव आहे. आणि तिनं केलं ते चूक होतं." ही दोन वाक्यं एका दमात म्हणायला तिला आणखी सहा भेटी लागल्या. मधे 'पण' घालू नका, एवढंच मी सांगत राहिले. 'पण' आला की दोन्हीतलं एक वाक्य खोटं पडतं.

तिथून पुढचं सोपं होतं, आणि ते मी सगळ्याच जणींना सांगते. आधी नवऱ्याशी बोला. सासूबाईंना त्यांच्या मुलानं सांगू द्या. "आमचं ठरलंय, करायचं नाही," इतकंच. धर्मावर वाद घालत बसू नका, त्यात रात्र सरते आणि दुसऱ्या दिवशी विषय तिथंच असतो. मनात धाकधूक असेल तर त्या सुट्टीत मुलीला एकटीला मुक्कामी पाठवू नका. तिलाही सांगा: तुझ्या तिथं कुणी हात लावायचा नाही, कुणी खाऊ दिला तरी आणि घरातलं कुणी असलं तरी. भारतात यासाठी वेगळा कायदा नाही, म्हणून यात गुन्हा नाही असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. २०१८ मध्ये खुद्द ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलंय की तेव्हाची भारतीय दंड संहिता (तिच्या जागी आता भारतीय न्याय संहिता आलीय) आणि पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, यांखाली हा गुन्हाच आहे. लहान मुलांच्या मदतीचा १०९८ हा नंबर फोनमध्ये ठेवा.

आणि स्वतःला लघवीच्या वेळी, नवऱ्याजवळ असताना त्रास होत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना खतना झाल्याचं स्पष्ट सांगा. 'माझ्यातच काहीतरी कमी आहे' असं मनात धरून वर्षं काढलेल्या बायका मी पाहते. तुमच्यात कमी काही नव्हतं. तुमच्यावर केलं गेलं.

तिच्या लेकीला आता आठवं लागलंय. सासूबाईंनी महिनाभर अबोला धरला, मग सुटला. शेवटच्या भेटीत ती म्हणाली, "परवा मम्मीनं फोनवर विचारलं, तुला अजून त्रास होतो का. पहिल्यांदाच विचारलं तिनं."

"मग काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. मग दोघी बराच वेळ गप्प होतो. पण फोन कुणीच ठेवला नाही."