'बॉयकॉट' आणि 'डेडलाइन' हे शब्द मूळचे कुठले?

रोज कानावर पडणाऱ्या 'बॉयकॉट' आणि 'डेडलाइन' या शब्दांचा मूळ अर्थ काय आणि ते कुठून आले, असा तुमचा प्रश्न आहे. पहिल्याचा तर जन्मदाखलाच हाती आहे. दुसऱ्याची जी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, तिचा मधला तुकडा मात्र बहुतेक वेळा गळलेला असतो.

बॉयकॉट हे आडनाव. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्रज माणूस आयर्लंडमधल्या मेयो काउंटीत लॉर्ड अर्न या जमीनदाराचा कारभारी होता. १८८० साली कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. जमीनदार १० टक्क्यांच्या पुढे सरकेना, आणि बॉयकॉटने कुळांना जमिनीवरून काढण्याच्या नोटिसा धाडल्या. त्याच सप्टेंबरात चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल या आयरिश पुढाऱ्याने एनिसच्या सभेत एक उपाय सांगितला होता: काढून टाकलेल्या कुळाची जमीन जो घेईल त्याच्या अंगाला हात लावू नका, त्याला वाळीत टाका. लोकांनी तोच उपाय कारभाऱ्यावर चालवला. शेतमजूर निघून गेले, दुकानदारांनी माल द्यायचं थांबवलं, टपाल आणणाऱ्यालाही धमक्या आल्या. शेवटी पीक काढायला आयर्लंडच्या उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतातून ५० माणसं आणली आणि त्यांच्या रक्षणाला हजाराच्या आसपास शिपाई. सुमारे ५०० पौंडांच्या पिकापायी सरकारचे १०,००० पौंड गेले! वर्ष संपायच्या आत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

आडनावाचं क्रियापद कसं झालं, हे जेम्स रेडपाथ या अमेरिकी पत्रकाराने लिहून ठेवलं आहे. वाळीत टाकण्यासाठी इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' हा ग्रीक वळणाचा शब्द होता, पण तो शेतकऱ्यांना कळणारा नव्हता. तेव्हा फादर जॉन ओ'मॅली या तिथल्या धर्मगुरूने 'बॉयकॉट करणं' असं सुचवलं. त्याच नोव्हेंबरात तो शब्द वर्तमानपत्रांत दिसू लागला, आणि पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन, जपानी अशा भाषांनीही तो उचलला.

अर्थाचा घोळ होतो तो संप आणि बंदी या दोन शब्दांशी. मजुरांनी काम थांबवलं, तेवढंच पाहिलं तर तो संप. दुकानदारापासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांनी मिळून एका माणसाशी व्यवहार तोडले, तो बॉयकॉट. बंदी वरून लादली जाते, बॉयकॉट लोक आपणहून करतात. म्हणून 'सरकारने अमुक वस्तूवर बॉयकॉट घातला' हे वाक्य खटकतं. इंग्रजीत हे क्रियापद थेट कर्म घेतं, त्याच्यापुढे 'अगेन्स्ट' लावायचं नसतं. शेवटी दोन टी का, तर आडनावातच दोन आहेत.

आता डेडलाइन. अमेरिकी यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या युद्धकैद्यांच्या छावणीत उंच लाकडी कोटाच्या आत सुमारे १९ फुटांवर एक बुटकं कुंपण होतं. त्याला 'डेड लाइन' म्हणत. ते ओलांडलं, किंवा नुसता हात पलीकडे गेला, तरी मचाणावरचा पहारेकरी गोळी घालू शके. छावणीचा अधिकारी हेन्री वर्झ याच्यावरच्या खटल्यात या रेषेचाही मुद्दा होता. १० नोव्हेंबर १८६५ रोजी तो फासावर गेला.

इथवरची गोष्ट खरी, पण या अर्थात वेळेचा संबंध कुठेच नाही. ती जागेवरची हद्द आहे. 'ठरलेली शेवटची वेळ' हा अर्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत अमेरिकी वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रुळला. त्याआधी छापखान्यातही डेडलाइन होती: यंत्राच्या पाट्यावरची खूण, जिच्यापलीकडे गेलेला मजकूर छापलाच जात नसे. वेळेनंतर आलेली बातमीही तशीच छपाईबाहेर राहते, त्यामुळे मला हा दुवा जवळचा वाटतो. तो वगळून शब्द तुरुंगातून थेट संपादकाच्या टेबलावर आणू नका. मध्ये जवळजवळ अर्धं शतक जातं.

वापरताना एवढंच: डेडलाइन हा शेवटचा क्षण असतो, कालावधी नव्हे. 'डेडलाइन १० ते १५ तारीख आहे' असं लोक लिहितात. त्यात १० ते १५ ही मुदत झाली, डेडलाइन फक्त १५.